कुळाचा कागद आणि दाराची कडी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, अशी आपली म्हण आहे. शोधलंच तर काय हाती लागेल सांगता येत नाही, हा तिच्या पोटातला इशारा. अमेरिकेतल्या बायकांची एक संस्था गेली एकशे पस्तीस वर्षं हा इशारा धुडकावून कूळच शोधत बसली आहे. ‘डॉटर्स ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशन’ हे तिचं पूर्ण नाव, पण तिकडे सगळे नुसतं डीएआर म्हणतात. जवळपास तीन हजार स्थानिक शाखा आणि लाखाच्या वर सभासद. आत यायला वय अठरा पूर्ण हवं. शिवाय अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाला ज्यानं हातभार लावला अशा कुणाची तरी आपण थेट वंशज आहोत, हे एकेक पिढी कागदानिशी जोडत सिद्ध करावं लागतं.

२०२६ हे त्या देशाच्या स्वातंत्र्याचं अडीचशेवं वर्ष. त्यातच ‘हेरिटेज अमेरिकन’ हा शब्द तिकडच्या राजकारणात फिरू लागला आहे. ज्याचे पूर्वज आधी आले तो जास्त अमेरिकन, असा त्याचा सरळ अर्थ. त्यामुळे न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंतच्या आपल्या गटांमध्येही या वंशावळवाल्या संस्थांवरून वाद पेटला. एक बाजू म्हणते, हे गोऱ्यांचं चहा-बिस्किटांचं जातमंडळ आहे, त्याला टाळं लागलं पाहिजे. दुसरी म्हणते, आपणही आडनावांचे कुलवृत्तांत छापतो, संमेलनं भरवतो, मग त्यांनी त्यांचा वारसा जपला तर तुमच्या पोटात का दुखावं? गेले दोन महिने हे वाचतो आहे आणि मला दोन्ही बाजू चुकीच्या खिडकीतून डोकावताना दिसतात. माझं म्हणणं असं, की वंशाची अट हा या संस्थेचा मोठा दोष नाहीच. अट हास्यास्पद असेल, पण निरुपद्रवी आहे. घात होत आला आहे तो ओळखीच्या अटीत. कागद वॉशिंग्टनला तपासला जातो, पण दार उघडतं गावातल्या शाखेचं. आणि दाराची कडी ज्यांच्या हातात, त्यांचा इतिहास कुणी लिहीत नाही.

आधी विरोधकांचं सगळ्यात बळकट म्हणणं मांडतो, कारण ते त्यांच्याकडून नीट मांडलं जात नाही. ते मांडून ठेवलंय खुद्द बेंजामिन फ्रँकलिननं. १७८३मध्ये युद्ध संपता संपता सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ द सिनसिनाटी’ काढली. सभासदत्व बापाकडून थोरल्या मुलाकडे जायचं. राजा घालवायला आठ वर्षं लढले आणि लगेच सरदारकी सुरू! फ्रँकलिन तेव्हा पॅरिसजवळ पासी इथे होता. २६ जानेवारी १७८४ला त्यानं आपल्या लेकीला, सॅरा बेशला, पत्र लिहिलं आणि त्यात सरळ गणित मांडलं. मुलात बापाचा वाटा निम्मा, नातवात पाव, असं करत नवव्या पिढीत मूळ वीराचा वाटा उरतो पाचशेबारावा. उरलेले पाचशेअकरा भाग कुणाचे? (गरुडापेक्षा टर्की हा पक्षी बरा, ही त्याची प्रसिद्ध थट्टा याच पत्रातली.) चिनी लोकांची रीत त्याला जास्त पटत होती. तिथे मुलानं पराक्रम केला तर मान आईबापांना मिळतो, कारण वाढवलं त्यांनी. जन्मायच्या बाकी असलेल्या वारसांना मान देण्यात कसलं आलंय शहाणपण?

या गणिताला उत्तर नाही आणि मी ते देणारही नाही. पणजोबा तुरुंगात गेले म्हणून पणतू देशभक्त ठरत नाही. पण हेच गणित उलट्या बाजूनं मांडून पाहा. नवव्या पिढीत एका माणसाचे पाचशेबारा पूर्वज असतील, तर त्या काळातल्या एका शेतकरी-शिपायाचे आजचे वंशजही हजारांच्या घरात जातात. म्हणजे हे रक्त दुर्मीळ नाहीच. अमेरिकेत ते रेशनच्या तांदळासारखं घरोघरी पोचलेलं आहे. थोरल्या मुलाची अट काढली, मुली धरल्या, की वंशाची चाळणी इतकी भोकाची होते की तिच्यातून निम्मा गाव गळून खाली येतो. शिवाय ‘देशभक्त’ या शब्दाची डीएआरची व्याख्या ऐसपैस आहे. बंदूक हाती घेतलीच पाहिजे असं नाही. निष्ठेची शपथ घेतली, सैन्याला धान्य-गुरं पुरवली, गावच्या समितीत काम केलं, तरी चालतं. स्पेनच्या राजाचे लुइझियानातले सैनिक चालतात, फ्रेंच खलाशी चालतात. ज्या सॅरा बेशला बापानं ते पत्र लिहिलं, तिनं १७८०मध्ये फिलाडेल्फियाच्या बायका जमवून सैनिकांसाठी दोन हजारांहून अधिक सदरे शिवून घेतले होते. बाप ज्या कल्पनेची टिंगल करत होता, त्या कल्पनेनुसार लेकीच्या वंशातल्या बायका आज सुखानं सभासद होऊ शकतात. आणि गंमत म्हणजे ज्याच्या नावानं सगळं चालतं त्या जॉर्ज वॉशिंग्टनला मूलबाळच नव्हतं, त्यामुळे त्याचा थेट वंशज म्हणून कुणालाच आत येता येत नाही.

मग एवढ्या भोकाच्या चाळणीतून इतकी वर्षं फक्त गोऱ्या, सुस्थितीतल्या बायकाच कशा काय पडत राहिल्या?

याचं उत्तर संस्थेच्या जन्मातच दडलंय. १८८९मध्ये ‘सन्स’, म्हणजे पुत्रांची संस्था निघाली. पुढच्याच वर्षी पुत्रांनी बायकांना घ्यायचं नाही असं मतदान करून ठरवलं. त्यावर मेरी लॉकवुड या वॉशिंग्टनमधल्या लेखिकेनं १३ जुलै १८९०च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’मध्ये एक पत्र लिहिलं. त्यात तिनं हॅना आर्नेट या न्यू जर्सीतल्या बाईची गोष्ट सांगितली. १७७६मध्ये इंग्रजांना शरण जायचा विचार करणाऱ्या पुरुषांच्या बैठकीत ही बाई शिरली आणि तिनं त्यांची लाज काढली. या हॅनाला तुम्ही कुठे बसवणार, असा लॉकवुडबाईंचा सवाल होता. तीन महिन्यांत, ११ ऑक्टोबर १८९०ला, डीएआर स्थापन झाली. पहिली अध्यक्ष झाली खुद्द राष्ट्राध्यक्षांची पत्नी कॅरोलाइन हॅरिसन. पुढच्या मार्चमध्ये शिकागोची पहिली शाखा उभी राहिली. म्हणजे ही संस्था जन्मली तीच तोंडावर आपटलेल्या दारातून. ‘कागद तर आमच्याकडेही आहे, मग आम्हाला का नाही?’ हा तिचा पहिला प्रश्न. हाच प्रश्न पुढे तिला विचारला गेला तेव्हा तिनं काय केलं, यावरच तिला जोखायला हवं.

त्याआधी दुसऱ्या बाजूचं खरं तेही मान्य करतो. चहा-बिस्किटांचं मंडळ हे वर्णन अन्यायाचं आहे. १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात लष्कराकडे परिचारिका नव्हत्या, तेव्हा डॉ. अनिता न्यूकम मगी यांच्या पुढाकारानं डीएआरनं अर्ज छाननी करून शेकडो प्रशिक्षित परिचारिका पुरवल्या. त्यातूनच १९०१ला लष्कराचं कायमचं परिचारिका दल उभं राहिलं. १९२१पासून संस्थेनं नव्या स्थलांतरितांसाठी नागरिकत्वाची माहिती देणारी पुस्तिका अनेक भाषांमध्ये छापून फुकट वाटली. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते शाखांनी केलेलं बिनबोभाट काम. रविवारी दुपारी चार बायका गावाबाहेरच्या पडक्या दफनभूमीत जायच्या, गवत बाजूला करून दगडावरची अक्षरं बोटानं चाचपायच्या आणि वहीत उतरवायच्या. दगड पुढे झिजले, काही नांगराखाली गेले. वह्या उरल्या. आपल्याकडे वीरगळ शेंदूर फासून मारुती म्हणून पुजले जातात किंवा गोठ्याच्या पायरीला बसवले जातात, हे पाहिलेल्या माणसाला या वह्यांची किंमत सांगावी लागत नाही.

त्यांच्या ग्रंथालयातला आणि सरकारी दप्तरखान्यातला एक प्रकार तर विलक्षण आहे. १८३२च्या कायद्यानं म्हाताऱ्या सैनिकांना पेन्शन मिळू लागलं. ज्यांच्याकडे कागद नव्हता त्यांनी जिल्ह्याच्या कोर्टात उभं राहून तोंडी हकीकत सांगायची: कुणाच्या हाताखाली होतो, कुठली नदी ओलांडली, बर्फात पाय कसे फुटले. १८३६पासून विधवांनाही अर्ज करता येऊ लागला, पण लग्नाचा पुरावा हवा. खेड्यातल्या लग्नाचा दाखला कुठून आणणार? जन्म-लग्न-मृत्यू लिहून ठेवलेले असायचे ते घरच्या बायबलच्या कोऱ्या पानांवर. मग म्हातारीनं काय करावं? बायबलचं पान फाडून वॉशिंग्टनला पाठवलं. ती पानं आजही पेन्शनच्या फायलींमध्ये आहेत. मी त्यातलं एक संगणकाच्या पडद्यावर मोठं करून पाहिलंय. कडा दातेरी, शाई तपकिरी पडलेली, अकरा मुलांची नावं एकाखाली एक, आणि तीन नावांपुढे जन्माच्याच वर्षी मृत्यूची नोंद. देवाच्या पुस्तकाचं पान फाडताना तिच्या हाताला काय वाटलं असेल?

तर कागद जपणं हे पुण्याचं काम, हे कबूल. पण वारसावाद्यांनी इथेच थांबून टाळ्या पिटू नयेत. कारण कागद कुणाचा उरतो हाही प्रश्न आहेच. १८५० आणि १८६०च्या अमेरिकन जनगणनेत गुलामांची वेगळी यादी होती. तिच्यात मालकाचं नाव लिहिलेलं आणि खाली फक्त वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. बहुतेक मुक्त झालेल्या माणसांची नावं पहिल्यांदा सापडतात ती १८७०च्या गणनेत. काळ्या अमेरिकन माणसाची वंशावळ मागे मागे जात १८७०च्या भिंतीवर जाऊन आपटते. अशा देशात ‘आम्ही फक्त कागद पाहतो’ म्हणणं म्हणजे ज्याची वही आपणच जाळली त्याच्याकडे हिशेब मागणं.

आणि त्याहून टोचणारी गोष्ट. देशभक्त कोण, हे जिंकणाऱ्यानं ठरवलं. हॅरी वॉशिंग्टन हा जॉर्ज वॉशिंग्टनचा गुलाम. इंग्रज गव्हर्नर डनमोरनं १७७५च्या नोव्हेंबरात जाहीर केलं की बंडखोर मालकांना सोडून आमच्याकडे येणाऱ्याला स्वातंत्र्य. हॅरी पळाला आणि इंग्रजांना मिळाला. १७८३मध्ये न्यूयॉर्क सोडताना इंग्रजांनी अशा सुमारे तीन हजार काळ्या माणसांची नावं एका वहीत नोंदवून त्यांना जहाजांत बसवलं. हॅरी नोव्हा स्कोशियाला गेला, तिथून सिएरा लिओनला. तिथेही त्यानं गोऱ्या कंपनीविरुद्धच्या उठावात भाग घेतला. स्वातंत्र्यासाठी दोनदा जिवावर उदार झालेला हा वॉशिंग्टन देशभक्तांच्या यादीत बसत नाही. डीएआरच्या चार संस्थापिकांपैकी एक होती युजीनिया वॉशिंग्टन, जॉर्जच्या भावाच्या वंशातली. आडनाव एकच. एकाची वंशावळ दप्तरात, दुसऱ्याचं नाव पळालेल्या ‘मालमत्ते’च्या यादीत.

यावरून माझे टाळंवाले मित्र म्हणतील, मग आमचंच बरोबर ना? कागदच अन्यायी, तर कागदावरची संस्था न्यायी कशी होईल? मला हा निष्कर्ष पटत नाही, आणि तो का पटत नाही हे सांगायला दोन बायकांच्या गोष्टी पुरेशा आहेत.

१९७७मध्ये डेट्रॉइटच्या कॅरेन बॅचलर या काळ्या तरुणीनं आपली वंशावळ शोधली. ती विल्यम हूड या पेनसिल्व्हेनियातल्या गोऱ्या सैनिकापर्यंत जाऊन पोचली. मिशिगनमधल्या रॉयल ओक गावच्या एझ्रा पार्कर शाखेनं तिला सभासद करून घेतलं. काळी म्हणून उघडपणे ओळखली गेलेली ती पहिली सभासद. आता दुसरी गोष्ट. त्यानंतर काही वर्षांनी राजधानी वॉशिंग्टनमधल्या एका शाखेकडे लीना फर्ग्युसन यांनी अर्ज केला. त्यांची वंशावळ जोना गे या सैनिकापर्यंत जात होती आणि कागद चोख होते. शाखेतल्या दोन गोऱ्या सभासदांनी त्यांची शिफारस केली होती. तरी दार उघडेना. शिफारस करणाऱ्या दोघींनीच सांगितलं, की आमच्या मैत्रिणींना काळी बाई नको आहे. मार्च १९८४मध्ये ही बातमी ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या पहिल्या पानावर आली. संस्थेच्या तेव्हाच्या अध्यक्ष सॅरा किंग यांना विचारलं तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला या साऱ्या प्रकरणाचं मर्म वाटतं. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की काळं असणं हे नाकारण्याचं एकमेव कारण नाही, इतरही कारणं असतात. घटस्फोट असतो, आकस असतो, शेजाऱ्यांची नापसंती असते. काळं असणं तर यादीत पार खाली.

शेजाऱ्यांची नापसंती! बाईंना वाटलं आपण संस्थेचा बचाव करतोय. प्रत्यक्षात त्यांनी सगळं उघडं करून टाकलं. एकच संस्था, एकच घटना, एकच वंशावळ-तपासणी, कागदांची एकच पद्धत. रॉयल ओकला दार उघडलं, वॉशिंग्टनला मिटलं. वंशाची अट दोन्हीकडे सारखीच होती, मग फरक कशात पडला? दार उघडायला कोण उठलं, एवढ्यातच. फर्ग्युसनबाईंच्या बाजूनं जर काही बोललं असेल तर ते कागदानंच. ‘आमच्यात बसत नाही’ या सबबीला कोर्टात उत्तर देता येत नाही. ‘जोना गे याची ही वंशज आहे की नाही’ याला देता येतं. वंशाची अट तिथे त्यांच्या हातातलं हत्यार ठरली. शहराच्या परिषदेनं मालमत्ता करातली सवलत काढून घेण्याची भाषा केली, तेव्हा संस्थेनं चूक कबूल केली, वंश-धर्मावरून भेदभाव करायचा नाही असं घटनेत घातलं आणि काळ्या क्रांतिसैनिकांच्या शोधाला लागली. २००८मध्ये त्यांनी जो ग्रंथ काढला त्यात सहा हजार सहाशेहून जास्त काळ्या, मूलनिवासी आणि मिश्र वंशाच्या लोकांची नावं आहेत. ही नावं पेन्शनच्या फायली, हजेरीपट आणि कराच्या याद्या चाळून निघाली. टाळं लावलं असतं तर ती कुणी चाळली असती?

हे फक्त डीएआरचं नाही. लोकांची टीका झोंबल्यावर १७८४मध्ये वॉशिंग्टननं सिनसिनाटीचं वंशपरंपरागत सभासदत्वच रद्द करायचा आग्रह धरला. मध्यवर्ती सभेत ठराव झालाही. राज्याराज्यांतल्या शाखांनी तो मान्य केला नाही, आणि वंशपरंपरा आजतागायत चालू आहे. ज्या माणसापुढे इंग्रज सेनापती नमले, त्याला आपल्याच शाखांपुढे हात टेकावे लागले. तसंच तिसरा राष्ट्राध्यक्ष जेफर्सन याच्या घराण्याचं. त्याच्या मॉन्टिसेलोच्या खासगी दफनभूमीचा कारभार वंशजांची एक संघटना पाहते. त्याची गुलाम असलेल्या सॅली हेमिंग्जचे वंशज स्वतःला जेफर्सनचेही वंशज म्हणवतात. त्यांच्या बाजूनं १९९८च्या डीएनए तपासणीनं कौल दिल्यावरही २००२मध्ये संघटनेनं त्यांना सभासद करून घ्यायला मोठ्या बहुमतानं नकार दिला. तिथे कागद कमी पडला, असं सांगण्यात आलं. नको असलेल्या माणसापुढेच पुराव्याची फूटपट्टी एवढी लांब कशी होते?

सगळं खापर शाखांवर फोडून मुख्यालयाला सोडतोय असं कुणी म्हणेल. तसं नाही. १९३९मध्ये मेरियन अँडरसन या काळ्या गायिकेला डीएआरचा वॉशिंग्टनमधला कॉन्स्टिट्यूशन हॉल नाकारला तो मुख्यालयानंच. हॉलच्या करारात फक्त गोऱ्या कलावंतांची अट होती. राष्ट्राध्यक्षांची पत्नी एलिनॉर रूझवेल्टनं सभासदत्वाचा राजीनामा दिला. ९ एप्रिलला, ईस्टरच्या रविवारी, लिंकनच्या पुतळ्यासमोर पंचाहत्तर हजार माणसांपुढे अँडरसन गायली. ही अट जायला १९५२ उजाडलं. अँडरसन प्रकरणाच्या अकरा वर्षं आधी, १९२८मध्ये, ‘धोकादायक’ वक्त्यांची एक गुप्त काळी यादी शाखांमध्ये फिरत होती. ती उघड करणाऱ्या हेलन टफ्ट्स बेली या मॅसॅच्युसेट्सच्या सभासदाला संस्थेनं काढून टाकलं. समाजसेविका जेन अॅडम्स यांना संस्थेनं पूर्वी मानद सभासद केलं होतं. त्याही नावडत्या झाल्या. तेव्हा त्या म्हणाल्या, मला वाटलं होतं हे सभासदत्व तहहयात आहे, पण ते चांगल्या वागणुकीपुरतंच होतं असं दिसतंय. बघा, इथेही वंश आड आला नाही. बेलीबाईंचे पूर्वज क्रांतीतलेच होते. आड आलं ते ‘आमच्यासारखं न वागणं’.

आणि आपण? आपल्याकडे रक्तावर नाही, ओळखीवर दार उघडतं हे वाचून कुणाला नवल वाटायला नको. शिवकाळातली वतनाची भांडणं गोतसभेपुढे जात. महजर, म्हणजे निवाड्याचे कागद, होत, शिक्कामोर्तब होई, पण आधी गोत बसवायला कोण आलं आणि कोण रुसून घरी राहिलं यावर पुष्कळ ठरायचं. माझ्या घराण्याच्या कुलवृत्तांतात सोळा पिढ्या आहेत. छपाई सुबक आहे, प्रत्येक शाखेला वेगळा आकडा आहे. त्यात माझ्या धाकट्या आत्याचं नाव नाही. तिनं जातीबाहेर लग्न केलं होतं. संपादकांकडे तिचा कागद नव्हता असं नाही. आजोबांनी माहितीचा फॉर्म भरताना तिची ओळच लिहिली नाही. आत्या गेल्या वर्षी वारली, ब्याऐंशीव्या वर्षी. शेवटपर्यंत तो जाडजूड ग्रंथ तिच्या कपाटात होता. पाहुण्यांना ती तो दाखवायची आणि म्हणायची, ‘यात मी सोडून सगळे आहेत.’ तिला रक्तानं वगळलं नव्हतं. तिच्या अंगात आमचंच रक्त होतं.

कागदाचा माज मात्र आपणही करू नये. स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनसाठी सहकारी सैनिकाचं प्रमाणपत्र हा पुरावा धरला गेला आणि बीड जिल्ह्यातल्या बोगस स्वातंत्र्यसैनिकांचं प्रकरण २००५मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलं. जिथे कागदावर पैसे मिळतात तिथे कागद पिकतो. डीएआरच्या कागदावर एक पैसा मिळत नाही, मिळते एक फीत आणि बिल्ला. म्हणून तिथली तपासणी बऱ्यापैकी सचोटीची राहिली असावी, असा माझा कयास.

‘खासगी संस्था आहे, कुणाला घ्यायचं ते त्यांचं त्या बघतील’ हा वारसावाद्यांचा शेवटचा हुकमी पत्ता. पुस्तकभिशीला तो लागू पडतो. पण जिला १८९६मध्ये अमेरिकन संसदेनं कायदा करून मान्यता दिली, जिच्या इमारतींना करात सूट मिळाली, जी शाळांमध्ये इतिहासाच्या स्पर्धा घेते आणि गावच्या चौकात शिलालेख बसवते, तिला घरगुती भिशी कसं म्हणायचं? गावाचा इतिहास दगडावर कोरायचा हक्क घेतला, की गावाला प्रश्न विचारायचा हक्क आपोआप मिळतो.

म्हणून माझी मागणी टाळ्याची नाही आणि टाळ्यांचीही नाही. शाखा आपापले इतिहास हौसेनं छापतात: पंच्याहत्तर वर्षांचा, शंभर वर्षांचा. त्यात रीजंटबाईंची, म्हणजे शाखाप्रमुखांची, क्रमवार यादी असते. किती थडग्यांवर पितळी फलक लावले, किती झेंडे वाटले, कुठल्या साली कुणाच्या घरी चहा झाला, सगळं असतं. नसतं ते एक पान: किती जणींचे कागद बरोबर असूनही आपण नको म्हटलं, आणि का. इतिवृत्तांच्या जुन्या वह्या शाखांच्या कपाटांत पडून आहेत. दगडावरची झिजलेली अक्षरं बोटानं चाचपून वाचणाऱ्या बायकांना स्वतःच्या वहीतलं खोडलेलं नाव वाचणं जड जाऊ नये. १९३८मध्ये फ्रँकलिन रूझवेल्टनं याच संस्थेच्या अधिवेशनात उभं राहून सांगितलं होतं की आपण सगळे, विशेषतः तुम्ही आणि मी, स्थलांतरितांची आणि क्रांतिकारकांची लेकरं आहोत. ऐकणाऱ्यांना दुसरा शब्द गोड लागला, पहिला नाही.

तो पहिला शब्द मात्र आता त्यांच्याच अर्जांत शिरतोय. माझ्या एका मित्राची मुलगी तिच्या आईच्या बाजूनं पेनसिल्व्हेनियातल्या एका शिपायाची सातवी-आठवी पिढी निघाली. मित्र मूळचा कराडकडचा. मी गेलो तेव्हा ती जेवणाच्या टेबलावर अर्ज भरत बसली होती. अर्जात प्रत्येक पिढीला आई आणि बाप दोघांची नावं, जन्मतारीख आणि जन्मगाव लिहायचं असतं. पहिल्याच ओळीत बापाचं नाव आलं आणि पुढे तारीख: १ जून.

‘बाबा, तुझा वाढदिवस तर आपण पावसाळ्यात करतो.’

‘अगं, मास्तरांनी शाळेत घालताना लिहिली ती. वर्गातल्या निम्म्या पोरांचा १ जूनच होता. आजी सांगायची, बेंदराच्या दुसऱ्या दिवशी झालास, बैलांच्या शिंगांचा रंग अजून ओला होता.’

‘मग काय लिहू?’

मित्रानं चष्मा कपाळावर सरकवला, थोडा विचार केला. ‘पासपोर्टवर जे आहे तेच लिही. त्यांना शिक्का लागतो.’ मुलीनं १ जून तसाच ठेवला. मग जन्मगावाच्या चौकोनात गावाचं पूर्ण नाव लिहिलं, त्यापुढे तालुका कराड, जिल्हा सातारा, आणि जागा संपली म्हणून ‘इंडिया’ समासात.